नाव कुणाचं, पुस्तक कुणाचं? एका नोटिशीच्या निमित्तानं

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक पोरगा घरी आला. शेवटच्या वर्षाला आहे. दोन मित्रांना घेऊन त्यानं एक वेबसाइट सुरू केली होती. कुठल्या विषयाला कुठलं पुस्तक लागतं, ते कुठं स्वस्त मिळतं, जुनं कुणाकडे आहे, गेल्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठं आहेत, हे सगळं एका ठिकाणी. काम चांगलं होतं. तालुक्याच्या पोरांना उपयोगी पडत होतं.

फक्त एक गोष्ट नडली. वेबसाइटच्या नावात त्यांनी विद्यापीठाचं नाव घातलं होतं आणि वर बोधचिन्हही चिकटवलं होतं. एक कडक ई-मेल आला. आमचं नाव, आमचं चिन्ह काढा, नाहीतर कायदेशीर कारवाई. पोरगा घाबरलेला. मला म्हणाला, "सर, पुस्तकांची माहिती द्यायची पण चोरी असते का?"

मी वकील नाही, त्यामुळे लगेच उत्तर दिलं नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत बसलो. जे सापडलं ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात शिकणारं पोर आहे त्यांनी वेळ काढून वाचावी.

सुरुवात झेरॉक्सपासून करू. आपण सगळे म्हणतो, "जरा झेरॉक्स काढून आण." गावोगावी पाट्या आहेत, झेरॉक्स सेंटर. पण झेरॉक्स हे यंत्राचं नाव नाही, एका अमेरिकन कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे, म्हणजे ट्रेडमार्क. लोकांनी हा शब्द असा सरसकट वापरू नये म्हणून ती कंपनी कित्येक वर्षं जाहिराती देत आली. आपल्याकडे कुणी ऐकलं नाही.

त्या यंत्रामागची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चेस्टर कार्लसन नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करायचा आणि रात्री कायद्याच्या कॉलेजात शिकायचा. १९३०च्या दशकातली मंदी. कायद्याची जाडजूड पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत. मग सार्वजनिक ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हातानं उतरवून काढायची. हात दुखायचा. त्यातून त्याच्या डोक्यात आलं, की कागदाची नक्कल झटक्यात निघाली पाहिजे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्यानं पहिली नक्कल काढून दाखवली. वीसेक कंपन्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. शेवटी १९५९ मध्ये ९१४ नावाचं यंत्र बाजारात आलं आणि जगभरच्या कचेऱ्यांचं रूप पालटलं.

म्हणजे बघा. पाठ्यपुस्तक परवडत नव्हतं अशा एका विद्यार्थ्याच्या दुखऱ्या हातातून झेरॉक्सचं यंत्र आलं. पुढं त्याच यंत्रावरून विद्यार्थ्यांना कोर्टात जावं लागलं. ते सांगतोच. त्याआधी अमेरिकेतल्या दोन गोष्टी.

पहिली हार्वर्डची. हार्वर्ड विद्यापीठाच्या दारात एक जुनं सहकारी भांडार आहे, हार्वर्ड कूप. १८८२ साली विद्यार्थ्यांनीच ते काढलं. कशासाठी? पुस्तकं, वह्या, थंडीतलं जळण रास्त भावात मिळावं म्हणून. आपल्याकडच्या सहकारी भांडारासारखंच. पुढं काळ बदलला, दुकान चालवण्याचं काम एका बड्या पुस्तक कंपनीकडे गेलं आणि पुस्तकांच्या किमती विद्यार्थ्यांना परवडेनात. तेव्हा तिथल्या पोरांनी क्रिमसन रीडिंग नावाची वेबसाइट काढली. तुमचा कोर्स निवडा, त्याची पुस्तकं बघा आणि कुठल्या दुकानात काय भाव आहे ते ताडून घ्या. क्रिमसन म्हणजे किरमिजी, हार्वर्डचा रंग. नाव बरोबर हेरलं होतं.

आता ही यादी बनवायची तर प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन हवा. पुस्तकाच्या मागं बारकोडजवळ जो लांबलचक आकडा असतो तो. पुस्तकाचा आधार नंबरच म्हणा. पोरं वह्या घेऊन भांडारात जायची आणि आकडे उतरवायची. सप्टेंबर २००७ मध्ये भांडारानं त्यांना बाहेर जायला सांगितलं. आमच्या मांडणीवरची पुस्तकांची यादी आणि हे आकडे म्हणजे आमची बौद्धिक संपदा आहे, असं कारण दिलं. एकदा तर पोलीसही बोलावले. पोलीस आले, पण पोरांना हाकलायचं काही कारण त्यांना दिसलं नाही.

विद्यार्थ्यांनीच स्वस्त पुस्तकांसाठी काढलेलं दुकान, आणि सव्वाशे वर्षांनी तेच दुकान स्वस्त पुस्तक शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना बाहेर काढतंय! सहकार क्षेत्राच्या बातम्या करणाऱ्या माझ्यासारख्याला यात फार नवल वाटलं नाही. आपल्या जिल्ह्यात अशी उदाहरणं कमी नाहीत. असो.

कायद्यानं त्या दाव्यात दम नव्हता. नुसत्या माहितीवर कुणाची मालकी नसते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच एका टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं. नाव, पत्ता, नंबर ही वस्तुस्थिती असते, ती कुणी 'लिहिलेली' नसते. पुस्तकाचा आकडा तसाच. आणि पुढं काय झालं ते ऐका. २००८ साली अमेरिकन संसदेनं उच्च शिक्षणाचा नवा कायदा केला. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कॉलेजांनी प्रत्येक कोर्सच्या पुस्तकांचे आयएसबीएन आणि किमती विद्यार्थ्यांना शक्य तितक्या आधी सांगाव्यात, असं त्यात आलं. जुलै २०१० पासून ते लागू झालं. २००७ मध्ये ज्याला मालमत्ता म्हणून पोलीस बोलावले होते, ती माहिती तीन वर्षांत जाहीर करणं कर्तव्य ठरलं.

दुसरी गोष्ट येल विद्यापीठाची, आणि ती आपल्या पोराच्या प्रकरणाशी जास्त जुळते. कारण तिथं मुद्दा नावाचा होता.

येलमध्ये कोर्सच्या माहितीला ब्लूबुक म्हणतात. जुनी छापील पुस्तिका निळ्या रंगाची असायची म्हणून. दोन भावांनी, दोघंही तिथलेच विद्यार्थी, विद्यापीठाच्या साइटवरची कोर्सची माहिती आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी दिलेलं मूल्यांकन एकत्र करून एक सुटसुटीत साइट बनवली. कुठला कोर्स कसा आहे, अभ्यासाचा भार किती, हे शेजारी शेजारी मांडून बघता यायचं. नाव ठेवलं येल ब्लूबुक प्लस. पोरांच्या उड्या पडल्या.

जानेवारी २०१४ मध्ये, ऐन कोर्स निवडायच्या दिवसांत, विद्यापीठानं हरकत घेतली. 'येल' आणि 'ब्लूबुक' ही नावं आमची, ती परवानगीशिवाय वापरलीत. भावांनी वाद घातला नाही. नाव बदलून कोर्सटेबल केलं. तरी विद्यापीठानं आपल्या नेटवर्कवर ती साइट बंदच करून टाकली. तेव्हा कळलं, की खरं दुखणं नाव नव्हतंच. मूल्यांकनाचे आकडे ठळकपणे, एका नजरेत दिसतील असे मांडले होते, ते प्रशासनाला नको होतं.

मग आणखी एक विद्यार्थी पुढं आला. त्यानं ब्राउझरमध्ये बसणारी छोटी जोडणी लिहिली. ती विद्यापीठाच्याच पानावरची माहिती, तुमच्याच संगणकावर, नव्या पद्धतीनं मांडून दाखवायची. कुठं काही साठवलं नाही, कुणाचं नाव वापरलं नाही, कुठल्या वेबसाइटवर काही ठेवलं नाही. आता बंद करणार कशाला? काही दिवसांतच डीन मेरी मिलर यांनी पत्र काढलं आणि आधी त्या मुलांशी नीट बोलायला हवं होतं, असा सूर लावला. कोर्सटेबल आजही आहे, विद्यार्थीच चालवतात.

इथं थोडं थांबून ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यातला फरक सांगतो. आपल्याकडे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

समजा बाजारपेठेत एक जुनं पेढ्याचं दुकान आहे. वर पाटी आहे, "आमची कुठेही शाखा नाही." ती पाटी, ते नाव, तो छाप म्हणजे ट्रेडमार्क. कुणी समोर त्याच नावानं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक फसलं, तर तो गुन्हा. कायदा गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून आहे. पण "त्या दुकानासमोर माझं घर आहे" असं मी म्हटलं, तर दुकानदार मला नोटीस देऊ शकत नाही. दुकानाचा उल्लेख करणं आणि दुकानाच्या नावानं धंदा करणं, या दोन वेगळ्या गोष्टी. कॉपीराइट याहून निराळा. तो कुणीतरी लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क. आपल्याकडे ट्रेडमार्कचा कायदा १९९९चा, कॉपीराइटचा १९५७चा.

आता आपल्या देशातल्या मोठ्या लढाईकडे येतो. ती कॉपीराइटची होती, पण तिच्यात नावंही मोठी होती आणि विद्यार्थीही होते.

दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एक झेरॉक्सचं दुकान. रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस. विद्यापीठानं रीतसर परवाना देऊन बसवलेलं. पानाला ४० पैसे दर, तोही विद्यापीठानंच ठरवलेला. प्राध्यापक अभ्यासक्रमाप्रमाणे वाचनाची यादी करायचे. या पुस्तकातलं एक प्रकरण, त्या पुस्तकातली वीस पानं. पुस्तकं तिथल्याच रतन टाटा ग्रंथालयातली. दुकानदार त्या पानांचा गठ्ठा बांधून द्यायचा. त्याला कोर्स पॅक म्हणतात. आपण 'नोट्सचा संच' म्हणू.

ऑगस्ट २०१२ मध्ये तीन बड्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा ठोकला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस. दुकानदार आणि दिल्ली विद्यापीठ, दोघंही प्रतिवादी. नुकसानभरपाई मागितली ६० लाख रुपये. पानामागं ४० पैसे घेणाऱ्या माणसाकडून ६० लाख! हिशोब करा, दीड कोटी पानं होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची प्रकाशनं वेगळ्या खासगी कंपन्या नाहीत, त्या विद्यापीठांचाच भाग आहेत. म्हणून खटल्याच्या नावात पहिला वादी कोण, तर ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपती, शिक्षक आणि विद्वान. म्हणजे एका विद्यापीठानं दुसऱ्या विद्यापीठावर, तिथली मुलं वाचतात म्हणून, दावा लावला होता.

कोर्टानं नेमलेला अधिकारी दुकानात जाऊन संच ताब्यात घेऊन आला. ऑक्टोबरमध्ये अंतरिम मनाई आली. संच बंद. परीक्षा मात्र बंद नव्हत्या.

प्रकाशकांचं म्हणणं होतं, परवाना घ्या, फी भरा, मग काढा नकला. बरेच जण म्हणाले असते, ठीक आहे, थोडी फी देऊन टाकू. पण विद्यार्थी तसं म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतःची संघटना केली आणि खटल्यात आम्हालाही ऐका म्हणून अर्ज केला. प्राध्यापकांनीही वेगळी संघटना करून तेच केलं. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी यात मोठं काम केलं. हा माणूस २०१९ मध्ये अकाली गेला. गरीब घरांतल्या मुलांना कायद्याच्या शिक्षणात आणण्यासाठीही तो झटला होता.

आणि लेखक? ज्यांच्या नावानं हे सगळं चाललं होतं, त्यातलेच कित्येक जण प्रकाशकांच्या विरोधात उभे राहिले. शेकडो अभ्यासकांनी दावा मागं घ्या म्हणून निवेदनावर सह्या केल्या. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना पत्र लिहून कायद्याचा बडगा उगारू नका असं सुचवलं. सेन स्वतः त्याच दिल्ली स्कूलमध्ये १९६३ ते १९७१ शिकवत होते आणि त्यांची पुस्तकं ऑक्सफर्डनं छापलेली आहेत. संशोधन करणाऱ्या लेखकाला पुस्तक वाचलं जाण्यात जास्त रस असतो, हे त्यातून दिसलं.

निकाल १६ सप्टेंबर २०१६ रोजी आला. न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ. दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक सवलत आहे. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात नक्कल केली तर तो भंग नाही. प्रकाशक म्हणत होते, याचा अर्थ फक्त वर्गात, फळ्यासमोर. न्यायमूर्ती म्हणाले, शिकवणं तासाच्या घंटेबरोबर संपत नाही. अभ्यासक्रम ठरवण्यापासून परीक्षेपर्यंत सगळं त्यात येतं. आणि पूर्वी मुलं ग्रंथालयात बसून हातानं उतरवून घ्यायची, त्याला कुणी गुन्हा म्हटलं नाही. मग तेच काम यंत्रानं केलं म्हणून गुन्हा कसा, असाही त्यांचा युक्तिवाद होता. मी हे वाचलं तेव्हा मला न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात हात दुखेपर्यंत लिहिणारा कार्लसन आठवला.

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठानं मूळ तत्त्व कायम ठेवलं. किती पानं काढली यापेक्षा ती शिकवण्यासाठी गरजेची होती का, हे महत्त्वाचं. तसंच, संदर्भाची तीस-चाळीस महागडी पुस्तकं विद्यार्थी एरवीही विकत घेणार नव्हता, त्यामुळे संचामुळे विक्री बुडाली हे म्हणणं टिकत नाही. मात्र खंडपीठानं सरसकट मोकळीक दिली नाही. संचातली पानं खरोखर अभ्यासक्रमासाठी गरजेची होती का आणि काही अख्खी पुस्तकं छापली गेली का, हे पुराव्यानं तपासायला प्रकरण खाली पाठवलं. मनाई मात्र पुन्हा लावली नाही.

मार्च २०१७ मध्ये तिन्ही प्रकाशकांनी दावा काढून घेतला. नकलांचे परवाने देणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, मे २०१७ मध्ये तिथं तिचं अपील फेटाळलं गेलं. साडेचार-पाच वर्षं चाललेली लढाई संपली. दुकान सुरू राहिलं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी पत्रकार कसला?

माझ्या ओळखीचे एक छोटे मराठी प्रकाशक आहेत. हजाराची आवृत्ती काढतात, ती संपायला तीन-चार वर्षं लागतात. पुस्तक बाजारात आलं की पंधरा दिवसांत त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरते. पाठवणारा वर लिहितो, "वाचन संस्कृतीसाठी." ही चोरी आहे. दिल्लीचा निकाल याला संरक्षण देत नाही. शिकवण्यासाठी एक प्रकरण देणं वेगळं आणि कादंबरी, आत्मचरित्र किंवा स्पर्धा परीक्षेचं नवं कोरं पुस्तक अख्खं वाटणं वेगळं. शंभर-दीडशे रुपयांचं मराठी पुस्तक आणि हजारो रुपयांचा परदेशी संदर्भग्रंथ यांना एकच न्याय लावून चालणार नाही. लेखकाला मानधन मिळालं नाही तर उद्या लिहिणार कोण?

नावाचंही तसंच. विद्यापीठानं आपलं नाव जपू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या भागात विद्यापीठाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून खोटे निकाल आणि खोटे प्रवेश विकणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्या बातम्या मी स्वतः केल्यात. एखाद्या बापानं बोधचिन्ह बघून पैसे भरले आणि फसला, तर विद्यापीठानं गप्प बसावं का? म्हणून त्या ई-मेलमधली बोधचिन्हाची हरकत मला रास्त वाटली, आणि मी पोराला तसं स्पष्ट सांगितलं.

पण दुसरी गोष्टही सांगितली. घाबरून काम बंद करू नकोस. बोधचिन्ह काढ. साइटचं नाव बदल, स्वतःचं ठेव. वर मोठ्या अक्षरात लिही, ही विद्यार्थ्यांनी चालवलेली साइट आहे, विद्यापीठाशी संबंध नाही. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठलं पुस्तक लागतं हे सांगताना विद्यापीठाचं नाव घ्यावंच लागतं, तेवढं साध्या अक्षरात घे. पुस्तकांची यादी, किंमत, नंबर ही माहिती आहे, ती दे. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकू नकोस. आणि एकदा जाणत्या वकिलाला दाखव.

त्यानं तसं केलं. साइट नव्या नावानं सुरू आहे.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी खोली करून राहायचो. एक इंग्रजी संदर्भग्रंथ पूर्ण वर्गात मिळून एकच होता, ग्रंथालयात, तोही कुलपात. सरांनी तो स्वतःच्या नावावर काढला आणि आम्ही अकरा जणांनी त्यातली दोन प्रकरणं झेरॉक्स करून घेतली. ते पुस्तक मी नंतर पगारातून विकत घेतलं. वीस वर्षं झाली, कपाटात आहे. ती दोन प्रकरणं मिळाली नसती तर पुस्तकाचं नावही लक्षात राहिलं नसतं.

म्हणून माझा शेवटचा प्रश्न पोराला नाही, विद्यापीठांना आहे. बालभारती १९६७ पासून शाळेची पुस्तकं छापते आणि आज तिची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तिचं काही बिघडलं नाही. मग विद्यापीठांनी सत्र सुरू व्हायच्या आत प्रत्येक विषयाची पुस्तकांची यादी, किंमत आणि जुन्या प्रश्नपत्रिका आपल्या साइटवर नीट, मराठीत, मोबाइलवर उघडतील अशा का ठेवू नयेत? ते झालं असतं तर तीन पोरांना रात्री जागून ही साइट बनवावी लागली नसती, आणि विद्यापीठाचं नाव वापरायची गरजही पडली नसती.

आपल्या आमदार-खासदारांना, सिनेट सदस्यांना एवढं जरूर विचारा. पुढच्या सत्राच्या आधी विचारा. सत्र सुरू झाल्यावर सगळेच हात वर करतात.